टेबलावरच्या वाघिणी

वीकएन्डला मॉलला न येणाऱ्या माणसाबद्दल ऑफिसात काय बोललं जातं, हे मला पक्कं ठाऊक आहे. बोलू देत! शनिवारी मी पनवेलच्या घरी डायनिंग टेबलावर कटर, स्टीलची पट्टी आणि प्लॅस्टिक शीट घेऊन बसतो नि मालगाडीच्या वाघिणी बनवतो. इंजिनावर काय, सगळेच फिदा असतात. माझा जीव कोळशाच्या ‘बॉक्सएन’वर.

पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथे हा किडा डोक्यात शिरला.

स्केल एचओ, म्हणजे १:८७. खरी बॉक्सएन कपलर धरून १०.७ मीटर, माझी जेमतेम १२ सेंटिमीटर. सोप्पं वाटतं ना? आता रूळ बघा. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं की १९ च्या थोडं वर जातं. बाजारात मिळणारा एचओ ट्रॅक मात्र १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १,४३५ च्या गेजवरून बेतलेला. म्हणजे वाघीण पळवायची तर तिचे पाय जवळ आणायचे. मला ते बघवत नाही. त्यामुळे माझ्या वाघिणी रुंद पायांवर शोकेसमध्ये उभ्या असतात. (जेएनपीटीच्या कंटेनरगाड्याही सिग्नलला अशाच उभ्या दिसतात की!)

बाबा मालगाडीचे गार्ड होते. २०२२ पासून या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, त्यांना ते अजून पटलेलं नाही. माझ्या दहावीच्या वर्षी ते किती रात्री घरी होते, ते बोटांवर मोजता येईल. ड्यूटीबद्दल घरात चकार शब्द नाही. आम्हीही विचारलं नाही. आई गेल्यावर तर ते आणखीच गप्प झाले.

गेल्या पावसाळ्यात मी जुनी चार चाकी ब्रेकव्हॅन करायला घेतली. बाबांनी चष्मा लावून ती तळहातावर घेतली.

‘‘यात बसायचं म्हणजे पाय समोर रोवून. नाहीतर धक्क्याला माणूस आडवा,’’ ते म्हणाले.

मग सुरूच झाले. हातदिवा, लाल-हिरवी झेंडी, लूपमध्ये दोन-दोन तास एकट्याने ऐकलेले बेडूक. एका दिवाळीत तिथेच खाल्लेली, आईने बांधून दिलेली करंजी. जेवण गार झालं, कोणी उठलं नाही.

‘‘डबा टांगायला इथे माझा एक खिळा होता,’’ त्यांनी नखाने जागा दाखवली.

१:८७ मध्ये खिळा म्हणजे केसाएवढी तार. सध्या चिमट्याने तेच चाललंय.