बायीवरचा बिल्ला

आसिफाबाद, रविवार रात्र

प्रिय ताई,

बेल्लमपल्लीचं काम काल उरकलं. गाडी उद्याची, म्हणून आज जोडेघाटचं संग्रहालय पाहून आलो. केरामेरीचा घाट चढून, हट्टीवरून आत जंगलात. आपलं बालपण याच जिल्ह्यात गेलं (तेव्हा सगळं आदिलाबादच, हे तुकडे 2016 मधले), पण इकडे कधी फिरकलो नाही.

इथेच 1940 मध्ये कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. जंगल राखीव झालं, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सोडा म्हणाले, गुरांच्या चराईवरही कर. म्हणून तो उठला होता. कोजागिरीला त्याची पुण्यतिथी असते. आत गोंडांचे दागिने, वाद्यं, गुसाडी नाचणाऱ्यांचे मोरपिसांचे भलेमोठे टोप. पुतळे जरा जास्तच रंगवलेत, पण ते जाऊ दे.

बाहेर सावलीत एक म्हातारे बसले होते. मला पाहून म्हणाले, "कोन्या गावचे जी तुम्ही?" अगदी आपल्या आजीच्या चालीत! मी चपापलोच. खरं तर चपापायचं काही नव्हतं. भीमच्या बंडानंतर सरकारने गोंड का उठले ते पाहायला हायमेनडॉर्फसाहेबाला धाडलं. त्याने मार्लवाईला 1943 मध्ये शाळा काढली, तेव्हा पहिले गुरुजी मराठी शिकलेले गोंडच होते, आणि मुलांची गोंडी पुस्तकं देवनागरीत निघाली. नानांचं गाव राजुराही 1956 पर्यंत आदिलाबादेतच होतं की.

ताई, वर जंगल राखीव करणारं सरकार तेच आणि खालचा कोळसा काढवणारंही तेच. वरच्यांची वाद्यं काचेमागे नीट मांडलीत. खालच्यांचं काय उरलं, ते काल बेल्लमपल्लीत शोधत होतो. बहुतेक खाणी बंद पडल्यात. लॅम्प रूम होती तिथे बाभळी माजल्यात.

आठवतं? कामगार खाणीला बायी म्हणायचे, तेलुगूतली विहीर. "नाना बायीवर गेले" असं तू पाहुण्यांना सांगायचीस आणि मावशी तोंडाला पदर लावायची. लॅम्प रूमच्या खिडकीत नाना माणसागणिक पितळी बिल्ला घ्यायचे, दिवा द्यायचे. शिफ्ट सुटल्यावर दिवा आला की बिल्ला परत. खिळ्यावर एखादा बिल्ला उरला, तर तो माणूस अजून खालीच. अशा रात्री नाना ताटावर बसायचे नाहीत, दारात उभे राहायचे. आईही मग ताट झाकून ठेवायची.

नानांचा स्वतःचा बिल्ला तुझ्या ट्रंकेत आहे ना? मला नंबर 417 आठवतो, दादा 471 म्हणतो. बघून कळव. आणि चिंचेने घासू नकोस, काळाच राहू दे.

तुझा,
बाळू