उमेदवारी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची एक जुनी अडत पेढी आहे. मालक तिसऱ्या पिढीतले. लहानथोर सारे त्यांना अण्णा म्हणतात. पेढीचे दिवाणजी पंच्याहत्तरीला टेकलेले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही संगणकावरचे आकडे नीट दिसेनात, तेव्हा येत्या दिवाळीपासून घरी बसण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखविली. अण्णांची दोन्ही मुले पुण्यात नोकरीला असून पेढीवर परतण्याचा त्यांचा विचार नाही. दिवाणजींच्या जागी जाणता माणूस हवा, असे अण्णांनी चार ठिकाणी सांगून ठेवले.

त्याच सुमारास, हळदीचा हंगाम सुरू होताना, एक तरुण पेढीची पायरी चढला. त्याचे वडील याच यार्डात वीस वर्षे पोती वाहणारे हमाल. मुलगा बी.कॉम. झालेला, शिवाय संगणकीय हिशेब व जीएसटीचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम त्याने एका सरकारी योजनेतून पूर्ण केला होता. अण्णांनी प्रमाणपत्र वाचले आणि विचारले, "अनुभव किती?"

"अजून नाही, अण्णा."

"मग कुठेतरी वर्षभर अनुभव घे आणि ये."

मुलगा क्षणभर घुटमळला. "अण्णा, आठ महिन्यांत सात ठिकाणी हेच ऐकलं. पहिला अनुभव कुठं मिळतो, तेवढं सांगा."

अण्णांपाशी उत्तर नव्हते. मुलगा निघून गेला. संध्याकाळी वह्या मिटताना दिवाणजी हळूच म्हणाले, "अण्णा, आप्पांनी मला हाच प्रश्न विचारला असता, तर मी आजही गावाकडे म्हशी राखत असतो."

आप्पा म्हणजे अण्णांचे वडील. त्यांच्या काळी पेढीवर अनुभवी माणूस शोधत नसत, उमेदवार ठेवत. 'उमेदवारी' या शब्दाला आज निवडणुकीचा वास येतो. परंतु पेढीवर, सराफकट्ट्यावर, छापखान्यात त्याचा अर्थ काम करता करता शिकणे असाच होता. घरच्या मुलालाही सूट नसे. आधी टपाल आणणे, मग माल ओळखणे, मग रोजकीर्द, आणि तिजोरीची किल्ली सर्वांत शेवटी. शासनानेही हाच शब्द उचलला. १९६१ च्या कायद्यात ज्याला अप्रेंटिस म्हटले आहे, त्याचे मराठीतले नाव 'शिकाऊ उमेदवार' असेच आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मुलाला बोलावून सहा महिन्यांच्या उमेदवारीवर ठेवले. विद्यावेतन ठरले, आणि रोज दुपारी एक तास दिवाणजींनी शिकवायचे, हेही ठरले. पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षण आणि काम यांतील अंतर दिसू लागले. मुलाला विवरणपत्र भरता येत होते, पण हळकुंड, गड्डा आणि कणी यांचे भाव वेगळे का, हे ठाऊक नव्हते. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत हमाली व तोलाई कोठे दाखवायची, दिलेली उचल केव्हा वळती करायची, वसुलीसाठी बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी फोनवर कोणत्या सुरात बोलायचे, यांतले काहीही अभ्यासक्रमात नव्हते. तो दोष त्याचा नव्हता, त्याला शिकविणाऱ्यांचाही नव्हता. ही विद्या पेढीवरच राहते. वर्गात नेता येत नाही.

देशाचे चित्र याहून निराळे नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. लक्षावधी तरुणांनी प्रमाणपत्रे मिळविली. तरीही २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत रोजगारक्षम तरुणांचे प्रमाण सुमारे ५१.२५ टक्के, म्हणजे दोघांत जेमतेम एक, असे नमूद आहे. उरलेला दुसरा आळशी किंवा मंद असतो असे नव्हे. पुष्कळदा त्याला पहिली चूक करण्याची जागाच मिळालेली नसते.

या मुलालाही ती चूक एप्रिलमध्ये भेटली. अथणीकडील एका गावात एकाच नावाचे दोन शेतकरी होते. वडिलांचे नाव न पडताळता त्याने एकाच्या पट्टीचे अडतीस हजार रुपये दुसऱ्याच्या खात्यावर पाठविले. ज्याची हळद होती, तो चौथ्या दिवशी पेढीवर येऊन चारचौघांत वाट्टेल ते बोलला. तीन पिढ्यांत पेढीवर असा प्रसंग आला नव्हता. अण्णांनी त्याला रक्कम तिथल्या तिथे चुकती केली आणि मुलाला उद्यापासून न येण्यास सांगितले.

दिवाणजी उठले. माळ्यावरून १९७१ सालची रोजकीर्द काढून त्यांनी अण्णांपुढे ठेवली. एका पानावर आप्पांच्या अक्षरात तांबड्या शाईची दुरुस्ती होती. उमेदवार दिवाणजींनी एका शेतकऱ्याची उचल दोनदा वळती केली होती. "मलाही कामावरून काढा, असं आप्पांना तेव्हा चारजण म्हणाले. आप्पांनी महिनाभर रोज रात्री शेजारी बसवून माझ्याकडून तेरीज जुळवून घेतली. त्यानंतर त्या पेनातली तांबडी शाई माझ्यासाठी कधी लागली नाही."

अण्णा रात्रभर विचारात होते. सकाळी त्यांनी मुलाला सोबत घेऊन गाव गाठले. चुकून मिळालेले पैसे दुसऱ्या शेतकऱ्याने कुरकुर न करता परत केले. पहिल्या शेतकऱ्याची मुलाने हात जोडून माफी मागितली, पण त्याचा राग गेला नाही. पुढच्या हंगामात त्याची हळद दुसऱ्या पेढीवर उतरली. ते नुकसान अण्णांनी सोसले. दिवाळीनंतर दिवाणजींच्या गादीवर तोच मुलगा बसला. प्रत्येक नावापुढे वडिलांचे नाव लिहिल्याशिवाय तो आजही पट्टी पुढे सरकवत नाही.

प्रश्नाचे मूळ येथेच आहे. तरुणाच्या पहिल्या वर्षाच्या चुकांची किंमत कोणी सोसायची, हे कोणी ठरवीत नाही. प्रशिक्षण संस्था प्रमाणपत्र देऊन मोकळी होते आणि मालक अनुभव मागून मोकळा होतो. मधली दरी ज्याच्या खिशात काहीच नाही, त्याच्या वाट्याला येते. सरकारी बँकांत कठीण परीक्षा देऊन आलेल्या अधिकाऱ्यालाही साधारण दोन वर्षे परिविक्षेवर ठेवतात. पहिल्या दिवशी त्याच्यावर कोणी कर्जमंजुरी सोपवीत नाही. व्यापारी तर हे गणित रोज मांडतो. हळद वाळते, पोत्यामागे वजन उतरते. ती घट धरूनच तो भाव बांधतो. मालाची घट धरणाऱ्याने माणसाच्या पहिल्या वर्षाची घट का धरू नये?

"शिकवून तयार केला की हजार रुपयांसाठी दुसरीकडे जातो," ही तक्रार खोटी नाही. परंतु तयार झालेल्या माणसाला उमेदवाराच्याच वेतनावर बसविले, तर तो जाणारच. दिवाणजी पन्नास वर्षे टिकले, कारण आप्पा दरवर्षी न मागता पगार वाढवीत. उमेदवारी म्हणजे स्वस्त मजूर नव्हे. मुदत किती, विद्यावेतन किती, शिकविणार कोण आणि शेवटी नोकरी मिळणार की नाही, या चार गोष्टी पहिल्या दिवशीच बोलून घ्याव्यात.

कायद्याचा आधारही आहे. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. आपल्यापैकी कितीतरी पेढ्या, दुकाने आणि कारखाने या ऐच्छिक गटात मोडतात. त्यांच्यावर सक्ती नाही म्हणूनच जबाबदारी अधिक आहे.

कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग गरीब मुलांना दाखविला. त्या मुलांना काम देणारा कोणीतरी असणे, ही त्या मार्गाची पहिली अट होती. ती अट आजही तशीच आहे.

येत्या पाडव्याला नव्या वह्यांचे पूजन होईल. त्या वहीच्या पहिल्या काही पानांत एका उमेदवाराचे नाव असावे, आणि त्याच्या नावे थोडी घटही आधीच धरलेली असावी.