भुतांना दहापैकी किती?

मैत्रिणींनो, दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, घरात कुणी नाही असं बघून तुमच्यापैकी कितीजणी भुताचा नाहीतर मारामारीचा सिनेमा लावून बसतात? हात वर करू नका, शेजारीण बघेल! पण बसत असाल, तर तुम्ही माझ्याच पंगतीतल्या.

माझी एक वही आहे. पुढून उघडली की दुधाचा हिशेब आणि मागून उघडली की सिनेमे. अशा तीन वह्या भरल्या आजवर. मागच्या पानांवर रकाने आखलेले आहेत. सिनेमाचं नाव, कुठल्या देशाचा, कुणाबरोबर बघितला, सिनेमाला दहापैकी गुण, आणि शेवटी प्रतीला दहापैकी गुण. आमचे हे त्याला ‘ऑडिट’ म्हणतात. म्हणोत बापडे. पण तो शेवटचा रकाना मला फार मोलाचा वाटतो. का, ते सांगते.

माझं माहेर पोलादपूरचं आणि सासर महाडचं. १९८६ साली लग्न होऊन आले तेव्हा व्हिडिओचे दिवस जोरात होते. १९८२ च्या एशियाडच्या सुमाराला रंगीत टीव्ही आला, त्यामागून व्हिडिओ आला, आणि आमच्याकडे कुणाची सत्यनारायणाची पूजा असली की रात्री भाड्यानं टीव्ही-व्हिडिओ आणायचा रिवाजच पडला. अंगणात ताडपत्री, पुढं पोरं, मागं बायका. कॅसेटी तीन यायच्या. पहिली देवाधर्माची, सासू-आजेसासूंसाठी. दुसरी नवी हिंदी, सगळ्यांसाठी. आणि तिसरी? तिसरी ‘कराटे’ची. चिनी, जपानी, हाँगकाँगचा, काही असो, त्याला नाव एकच, कराटे. ती लागायच्या आधी कुणीतरी पुरुष माणूस म्हणायचंच, “चला, बायकांनी झोपायला जा आता.”

मला झोप येत नसे. शिवाय पूजेची भांडी घासायची असायची, वाती वळायच्या असायच्या, आणि ओटीवरून पडदा अगदी सरळ दिसायचा! भांड्यांचा ढीग पुढं ठेवून मी ब्रूस लीचा १९७३ चा ‘एंटर द ड्रॅगन’ पाहिला. तो गडी ते चित्र थिएटरात लागायच्या आधीच, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला हे नंतर कळलं, आणि घरचंच कुणी गेल्यासारखी हळहळ वाटली.

पण माझी वही सुरू झाली ती ‘थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मुळं. १९७८ चा, हाँगकाँगच्या शॉ बंधूंचा. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग, नायक गॉर्डन लिउ. जुलमी राजवटीत घरदार गमावलेला एक तरुण शाओलिनच्या मठात येतो आणि एकेक करून पस्तीस दालनांतली विद्या शिकतो. एका दालनात पाणी वाहायचं असतं. दोन्ही हात आडवे ताठ धरायचे, हातांत बादल्या, आणि दंडांना आतून सुरे बांधलेले. हात जरा खाली आला की सुरा बरगडीत. असं करत चढ चढायचा.

त्या रात्री सासूबाईही जाग्या होत्या. त्या वरच्या डोंगरातल्या वाडीतल्या. उन्हाळ्यात झऱ्यावरून दोन हंडे डोक्यावर, एक कळशी कमरेवर, असा चढ त्यांनी उभं तरुणपण चढलेला. काही न बोलता त्या ते दालन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “खांदे भरून आलेत त्याचे. बरोबर दाखवलंय.” आणि थोड्या वेळानं, “आम्हाला सुरे नव्हते बांधायला, एवढंच.”

मी आजवर पुष्कळ परीक्षणं वाचली, पण एवढं चोख परीक्षण वाचलं नाही. त्या रात्री मला एक उमगलं. मारामारीचा सिनेमा म्हणजे नुसती मारामारी असं पुरुषमंडळी म्हणतात, कारण त्यांचं लक्ष ठोशाकडं. मी आणि सासूबाई बघत होतो ते मेहनत. एकच काम हजारदा करून अंगात कसं मुरतं, हे त्यात खरोखर दाखवलं होतं, आणि ते खरं की खोटं हे ज्यानं हंडा उचललाय त्यालाच कळणार. आमचा सिनेमावर हक्क तेवढ्यानं ठरत होता, झोपायला जाण्याचं कारण नव्हतं. पुढच्या पूजेला सासूबाईंनीच विचारलं, “ते टकल्याचं नाही का आणलं?” मग कुणाची टाप होती आम्हाला उठवायची!

वहीत लिहिलं: सिनेमा नऊ, प्रत दोन.

दोन का, तर ऐका. शॉ बंधूंचे ते सिनेमे चांगले रुंद, आडवे. आपला तेव्हाचा टीव्ही जवळजवळ चौकोनी. मग नऊवारी लुगड्यातून पोरीचा परकर बेतावा तसं दोन्ही बाजूंचं चित्र कापून उरलेलं कॅसेटवर यायचं. दोघे लढताहेत, पण दिसतोय एकच; दुसऱ्याची नुसती लाथ कुठूनशी येते आणि जाते. त्यात कॅसेट नकलेची नक्कल. रंग ताकासारखे पांढुरके. आपल्याकडच्या पुष्कळ कॅसेटींवर तर खाली जाहिराती सरकत असायच्या. नायकाचा गुरू मरतोय आणि त्याच्या पायाखालून अगरबत्ती नाहीतर साडीचं दुकान चाललंय! अशी प्रत पाहून ‘सिनेमा टुकार आहे’ म्हणणं म्हणजे डबा गंजका म्हणून आतल्या भाजणीला नावं ठेवणं. म्हणून रकाने वेगळे.

२००० साली सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीनं शॉ बंधूंचे साडेसातशेवर चित्रपट विकत घेतले आणि २००२ पासून ते साफसूफ करून तबकड्यांवर आणले. माझ्या मुलानं नोकरी लागल्यावर त्यातली ‘थर्टीसिक्स्थ चेंबर’ची डीव्हीडी आणून दिली. तेव्हा मला ते पाण्याचं दालन दोन्ही काठांसकट दिसलं. वीस वर्षं ज्या चढाची मी अर्धी वाट बघत होते, ती पुरी वाट! सासूबाई तोवर नव्हत्या. प्रतीला नऊ दिले. सिनेमाचा आकडा जुनाच, नऊ. तो हलवायची वेळ आली नाही.

आता भुतांकडं वळू. हाँगकाँग-जपान राहू द्या, आपल्या घाटावरचीच भुतं आधी घेऊ. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलात, प्रतापगडाचा फाटा मागं टाकलात, की महाबळेश्वर. रामसे बंधूंचा ‘दो गज ज़मीन के नीचे’ हा १९७२ चा चित्रपट तिथं, सरकारी विश्रामगृहात मुक्काम करून काढलेला. सात भाऊ, कुणी दिग्दर्शक, कुणी कॅमेरा, कुणी आवाज. सात भावांची गोष्ट सगळे सांगतात. पण घरातल्या बायकाही बरोबर होत्या आणि सगळ्या लोकांचा स्वयंपाक त्याच बघत, हे वाचलं तेव्हा मी वही उघडून रामसेंच्या पानावर समासात तेवढं लिहून ठेवलं. थंडीवाऱ्यात, धुक्यात, एवढ्या माणसांच्या पोळ्या! पडद्यावर त्यांची नावं कुणी शोधावीत?

१९८४ चा ‘पुराना मंदिर’ मला रामसेंच्या सगळ्या भुतांत उजवा वाटतो. त्यातला सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल हा रुडकीला शिकलेला इंजिनियर, बरं का. गाणी नि विनोद कापले तर सिनेमा सहा, विनोदासकट चार. विनोद धरूनच मोजायचं असं मी ठरवलंय, कारण ताटातली करपलेली भाजी बाजूला सारून जेवणाला गुण देता येत नाहीत. गंमत अशी की या चित्रांना आपल्याकडं नाकं मुरडली गेली, आणि पुढं मोंडो मकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीनं ती चांगल्या प्रतीत, खाली इंग्रजी अक्षरांसकट बाहेर काढली. आपल्या सामरीला नीट बघायला बाहेरून तबकडी मागवावी लागली. राग येतो, पण प्रतीला आठ दिल्याच.

जपानचा ‘रिंग’ १९९८ चा, हिदेओ नाकाताचा. एक शापित कॅसेट. ती बघितली की फोन वाजतो आणि सात दिवसांत मरण. एका बातमीदार बाईच्या लहानग्या मुलाच्या हाती ती कॅसेट लागते. त्या सिनेमात रक्त जवळजवळ नाही, किंकाळ्या थोड्या. एक विहीर आहे, आणि कोकणात वाढलेल्या बाईला विहिरीची भीती कुणी शिकवावी लागत नाही. पण मला धास्ती बसली ती शेवटी, मुलाला वाचवायला आई काय करायला निघते ते बघून. सांगत नाही; बघा. बघून झालं की स्वतःला विचारा, मी काय केलं असतं? मी दहा दिले. वहीतले दहा फक्त तीन आहेत.

आणि मग २०२१ ची २२ जुलै आली. सावित्री आणि गांधारी घरात आल्या. महाडात पाणी नवं नाही, पण त्या रात्रीचं पाणी वेगळं होतं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. आम्ही माळ्यावर बसून अंधारात खालची कपाटं एकमेकांवर आपटताना ऐकत होतो. सकाळी सगळीकडं चिखल. एकसष्ट कॅसेटी गेल्या, व्हिडिओ गेला. वह्या वाचल्या, कारण त्या माळ्यावर फराळाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या.

त्यानंतर महिनाभरानं जाऊबाई म्हणाल्या, “एवढं डोळ्यांनी बघितलंत, वन्सं, अजून भुतं बघायची हौस राहिली?” प्रश्न खोटा नव्हता. दीड वर्ष मी काही लावलं नाही. मग एका दुपारी मुलीनं फोनवरून टीव्हीवर कोरियाचा ‘पॅरासाइट’ लावून दिला, २०१९ चा. ऑस्कर मिळालेला म्हणून. त्यात तळघरातल्या गरीब कुटुंबाच्या घरात पावसाचं पाणी शिरतं. संडास उलटा उसळतो आणि मुलगी त्याच्या झाकणावर बसून राहते. कुणाला त्यात हसू येईलही. मला आलं नाही, कारण ते झाकण मी धरलंय. मी अर्ध्यातून उठेन असं मुलीला वाटलं. उठले नाही. त्या दिग्दर्शकाला, बाँग जून-होला, पाणी कुठून आधी येतं हे माहीत होतं. वरच्या श्रीमंतांना तोच पाऊस दुसऱ्या सकाळी छान वाटतो, हेही माहीत होतं. मला बरं वाटलं. रात्री नीट झोप लागली. का लागली ते मला जाऊबाईंना समजावून सांगता आलं नाही. मी त्यांना शेजारी बसवून सिनेमाच दाखवला. आता त्याच विचारतात, आज काय?

तुम्हीही वही घाला. परीक्षणकर्त्यांनी किती तारे दिले ते बघू नका, निदान आधी बघू नका. आपलं माप घ्या. ‘तुंबाड’ला मी पावसाला दहा दिले. २०१८ चा तो चित्रपट. दिग्दर्शक राही अनिल बर्वेंनी खऱ्या पावसाळ्यांत, वर्षानुवर्षं थांबून काढला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. कशेडी घाट उतरलं की खेड तालुका, त्यातलं तुंबाड हे गाव. तेव्हा तो पाऊस आमच्या ओळखीचा. आणि राक्षसाला कणकेची बाहुली दाखवून भुलवायचं, ही युक्ती स्वयंपाकघरातली! फक्त एक तक्रार. कणीक एवढी सैल मळली तर बाहुली उभी राहायची नाही.

आता थोडं कामाचं. सिनेमे आज फोनवर मिळतात, आज असतात आणि उद्या नसतात. पण तुमच्या घरी लग्नाची, बारशाची, वडिलांच्या साठीची कॅसेट कुठंतरी असेलच. ती काढून बघा. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी, जाळ्यासारखी, दिसली तर हौसेनं मशिनमध्ये घालू नका. मशिनचं डोकं खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. उन्हातही तापवू नका. बुरशी नसेल तर पूर्ण मागं गुंडाळा, पुस्तकासारखी उभी ठेवा, स्पीकर नि मिक्सरपासून लांब, कोरड्या डब्यात, नव्या चपला-पर्सेसमध्ये येणाऱ्या त्या दाणेदार पुड्या टाकून. आणि पुढच्या पावसाळ्याआधी एखाद्या जाणत्या माणसाकडून संगणकावर उतरवून घ्या. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हिडिओची मशिनं बनवणं थांबवलं; कुणी बनवणारं राहिलेलं नाही.

आमच्या लग्नाची मी पुराच्या आदल्या वर्षी उतरवून घेतली होती. प्रतीला चार. सिनेमाचा रकाना कोरा ठेवलाय, कारण हा अंक हेही वाचतात.