बायसनच्या शिकारीची तयारी

यंदा जानेवारीत हे पहिल्यांदाच बायसनच्या शिकारीला निघणार आहेत. आम्ही राहतो कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, व्हाइटहॉर्सला. माझे माहेर राधानगरीकडचे. तिकडे गवा पिकात शिरला तर डबे वाजवून हाकलायचा. १९७२ च्या कायद्याने त्याला मारता येत नाही. गव्याचा हा लांबचा भाऊबंद युकॉनमधून पार नाहीसा झाला होता. सरकारने १९८६ पासून तो परत आणला, आणि कळप वाढल्यावर १९९८ पासून परवान्याने शिकार सुरू झाली.

घरात रोज बंदुकीची चर्चा. मला काळजी गोळी लागल्यानंतरची. मोठा नर ९०० किलोपर्यंत भरतो. ऐशिहिक तलावाकडच्या रानात तो पडला, की गाडीरस्ता कित्येक कोस लांब. उणे तीस अंशांच्या थंडीत मांस आपोआप टिकेल, असे कुणालाही वाटेल. पण कातडे गोधडीसारखे जाड. ते लगेच सोलून चारही फरे सुटे केले नाहीत, तर आतल्या उबेने हाडाजवळचे मांस नासते. आणि मांस रानात टाकून येणे हा तिथे गुन्हा.

दिवस जेमतेम सहा-सात तासांचा. तळ्यावरच्या बर्फावर कुठे कुठे पाणी साचलेले असते, वरून दिसत नाही. पाय भिजला की बोटांवर बेतते. म्हणून मी यांना सांगितले : चार माणसे हवीत, दोन स्नोमोबाइल, मागे ओढायच्या घसरगाड्या, जास्तीचे मोजे, धारेचा दगड. दुपार कलल्यावर गोळी झाडायची नाही.

हे म्हणतात, मग हात हलवत यावे लागेल.

या की! मोठा फ्रीझर मी अजून घेतलेला नाही.