उतरायला जागा : आगाशी-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून

आगाशीला श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास येणारी कुटुंबे बहुधा पूजा आणि भोजन आटोपून विरार स्थानकाकडे परत फिरतात. ज्यांच्या हाती थोडा वेळ असतो ती त्याच रस्त्याने पुढे अर्नाळ्यापर्यंत जातात. सुरूची झाडे संपली की समुद्र समोर येतो. बेटावर किल्ला, उत्तरेस वैतरणेचे मुख आणि दक्षिणेस नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव असा वसईच्या दिशेने लांबत गेलेला वाळूचा पट्टा. नवपदाच्या ओळीत श्रीपाळ-कथा ऐकणाऱ्यांना सोपारकाचे नाव नवीन नाही. ते प्राचीन बंदर येथून हाकेच्या अंतरावर होते, आणि आगाशीचे तीर्थही परंपरेने मोतीशा शेठ यांच्या जहाजांच्या आठवणीशी जोडलेले आहे. हा किनारा व्यापाराचा, गलबतांचा. तो एके काळी आकाशातल्या वाटसरूंचाही खुणेचा किनारा होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून निघाले, अहमदाबादला इंधन घेतले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. नकाशावर अहमदाबाद ते जुहू अशी सरळ रेघ ओढली तर डहाणूपासून पुढे ती या किनाऱ्याला जवळजवळ समांतर जाते. त्या विमानात रेडिओ नव्हता. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि खाली दिसणारी भूमी एवढ्यावरच सारा भरवसा. आजही छोट्या विमानाचा विद्यार्थी प्रथम हेच शिकतो : वैतरणेचे मुख, अर्नाळ्याचे बेट, वसईचा किल्ला, वसईची खाडी आणि तिच्यावरचे रेल्वेचे पूल, अशा खुणा क्रमाने ओळखायच्या, प्रत्येकीवर घड्याळ पाहायचे आणि पुढची खूण किती मिनिटांनी आली पाहिजे, हे आधीच लिहून ठेवायचे. आली नाही, तर आपण वाट चुकलो आहोत हे मान्य करायचे. हे मान्य करणेच सर्वांत अवघड असते.

जुहूचे मैदान १९२८ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावर क्रमांक १ होता. विरारहून अंधेरीपर्यंतचा लोकलचा प्रवास जेमतेम ३८ किलोमीटरांचा, आणि तेथून जुहू अगदी जवळ. म्हणजे भारतातील नागरी उड्डाण-शिक्षणाचे एक आद्य पीठ वसईकरांच्या दाराशीच होते.

जैन वाचकाला या इतिहासात आणखी एक ओळखीचे नाव भेटते. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी आधी सिंधियाची जहाजे समुद्रात लोटली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. तेथे जुळवलेले पहिले विमान लढाऊ नव्हते. १९४१ मध्ये उडालेले ते हार्लो जातीचे प्रशिक्षण-विमान होते. पुढे याच कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान रचले, ते १९५१ मध्ये आकाशात गेले, आणि १९५८ मध्ये उडालेल्या छोट्या ‘पुष्पक’वर देशभरातील क्लबांतून अनेक विद्यार्थी शिकले. उद्योगाच्या इतिहासात वालचंद शेठांची जहाजे आणि मोटारी आवर्जून येतात. शिकाऊ मुलांच्या हाती विमान देणारा हा भाग मात्र उगाचच मागे राहतो.

आता शिक्षणाविषयी. पहाटे वारा शांत असताना विद्यार्थी विमानाभोवती एक फेरी मारतो. इंधनात पाणी उतरले आहे का, पंखांचे बिजागर घट्ट आहेत का, तेल पुरेसे आहे का, चाकात हवा आहे का, हे हाताने स्पर्श करून पाहतो. तोंडपाठ असले तरी यादी वाचूनच पाहतो. ईर्यासमिती समजावून सांगताना महाराजसाहेब पाऊल टाकण्याआधी भूमी पाहायला सांगतात, त्याची आठवण येथे यावी. मग उड्डाण : सुमारे एक हजार फुटांवर धावपट्टीभोवती चौकोनी फेरा आणि पुन्हा उतरणे, असे शेकडो वेळा. प्रशिक्षक मुद्दाम विमानाचे नाक इतके वर उचलायला लावतो की पंखांवरून वाहणारी हवा सुटते आणि विमान खाली बसू लागते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. अशा वेळी घाबरलेले मन दांडा मागे ओढून विमान वर न्यायला सांगते, आणि नेमके तेच घातक असते. दांडा पुढे करून नाक खाली करावे लागते, तेव्हा पंख पुन्हा हवा धरतात.

व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान १८ आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे लागते. वाणिज्य शाखेची मुले हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देतात, आणि आपल्या समाजात अशी मुले पुष्कळ. हवाई नियम, मार्गदर्शन, हवामानशास्त्र आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांत ७० टक्के गुण लागतात. रेडिओवरील संभाषणाची परीक्षा वेगळी. एकूण २०० तासांचे उड्डाण, त्यातले १०० तास विमानाची सर्व जबाबदारी स्वतःकडे असलेले, आणि एक ३०० सागरी मैलांचा प्रवास, वाटेत दोन विमानतळांवर पूर्ण उतरून. हे सारे लॉगबुकात नोंदायचे : तारीख, विमान, कोठून, कोठे, किती मिनिटे, आणि प्रशिक्षकाची सही.

हे लॉगबुक म्हणजे चोपडीच. व्यापाऱ्याच्या चोपडीत खोटी नोंद झाली तर पैसा बुडतो. येथे खोटा तास लिहिला तर एक दिवस तोच वैमानिक शेकडो प्रवाशांना घेऊन त्या न केलेल्या तासाच्या भरवशावर ढगांत शिरतो. २०११ मध्ये देशात खोट्या गुणपत्रिका आणि न उडवलेले तास यांची प्रकरणे उघडकीस आली, काही वैमानिकांना अटकही झाली. त्यातील पुष्कळांच्या मागे घर गहाण टाकलेले आईवडील असतील, हे ध्यानात घेतले तरी त्या नोंदी क्षम्य ठरत नाहीत. सत्य आणि अचौर्य ही दोन्ही व्रते येथे एकाच रकान्यात मोडली गेली होती.

अंतिम चाचणीत परीक्षक अचानक इंजिनाची शक्ती कमी करतो आणि विचारतो, आता कोठे उतराल? दोन आसनी सेस्ना एक हजार फुटांवरून, वारा नसेल तर, फार तर अडीच किलोमीटर तरंगत जाऊ शकते. तेवढ्यात सपाट, मोकळी, वाऱ्याच्या दिशेची जागा निवडावी लागते. म्हणून चांगला विद्यार्थी इंजिन ठणठणीत असतानाही सतत खाली अशी जागा शोधत असतो.

या दृष्टीने वसई-विरारकडे वरून पाहिले तर काय दिसेल? एके काळी पश्चिमेस भातखाचरे आणि केळीच्या वाड्या, नायगावच्या बाजूस मिठागरे, मधे विरळ गावे. २०११ च्या जनगणनेतच येथील लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती, आणि त्यानंतर नालासोपारा व विरारच्या पूर्वेस इमारतींनी तुंगारेश्वराच्या पायथ्यापर्यंत मजल मारली आहे. ओहोटीच्या वेळची राजोडीची वाळू आणि उरलीसुरली मिठागरे एवढेच मोकळे तुकडे राहिले. जुहूचेही तेच झाले. भोवती घरे दाटली, शेजारी सांताक्रूझची वाहतूक वाढली. आज तेथे प्रामुख्याने हेलिकॉप्टरे उडतात आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-शिक्षण धुळ्याला चालते. कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनाही ते उडवण्यासाठी धुळेच गाठावे लागले. त्यांच्या विमान-कारखान्यासाठी २०१८ मध्ये राज्य शासनाने पालघर जिल्ह्यात जागा देण्याचा करार केला, तेव्हा या भागात मोठी उत्सुकता होती.

तेव्हा वसईच्या मुलाला शिकायचे तर धुळे, शिरपूर, बारामती किंवा गोंदिया गाठावे लागते. खर्च एका नालासोपाऱ्याच्या सदनिकेच्या जवळपास जातो, आणि मोठ्या विमानाचे पुढील प्रशिक्षण निराळे. पावसाळ्यात ढग खाली आले आणि पाच किलोमीटरपर्यंतचे दिसेनासे झाले की छोटी विमाने जमिनीवरच थांबतात. साधु-साध्वींचा विहार चातुर्मासात थांबतो, तसेच हेही. पण वसतिगृहाचे भाडे आणि कर्जाचे व्याज थांबत नाही. पालकांनी हा हिशेब आधी मांडावा. पहिला रुपया भरण्यापूर्वी मुलाची प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण दृष्टी किंवा हृदयातील एखादा दोष वर्षभरानंतर कळला तर भरलेले शुल्क परत मिळवणे कठीण. शुल्क एकरकमी न भरता उडवलेल्या तासांच्या प्रमाणात हप्त्याने द्यावे. संस्थेकडे विमाने किती आहेत याहून, त्यांतील किती आज उडण्याच्या स्थितीत आहेत आणि प्रशिक्षक किती, हे विचारावे. आणि दर महिन्याला लॉगबुक घरी मागवून वाचावे. जमाखर्च वाचता येणाऱ्याला तेही वाचता येते.

टाटांनी १९३२ चे ते उड्डाण १९६२ मध्ये आणि पुन्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी केले. या वेळी लेपर्ड मॉथमधून, पुन्हा कराचीहून जुहूला. अर्नाळ्याच्या वाळूवर आज उभे राहिले तर मोठी विमाने फार उंचावरून सरकताना दिसतात, त्यांचा आवाजही लाटांत विरतो. संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे उतरतो. चौविहार पाळणाऱ्यांनी त्याआधीच आगाशीला परतावे. विरारला जाणारी बस देवळाजवळच मिळते.