तळहातावरची कणी

आरोग्याच्या पाक्षिकात कोंबडीची गोष्ट कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडेल. पंचवीसहून अधिक वर्षे रुग्ण तपासूनही जे मला उमगले नव्हते, ते परसातल्या एका तलंगेने उमगवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी आई ८२ वर्षांची आहे. चार वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. सकाळची आंघोळ हा आमच्या घरातला रोजचा संघर्ष होऊन बसला होता. दवाखान्याची वेळ गाठायची म्हणून मी घाईने तिच्या खोलीत शिरे, पाठीमागून खांद्याला धरून ‘चल, ऊठ’ म्हणे. ती किंचाळे, हात झटके. एकदा तर तिने माझे मनगट ओरबाडले. अशा वेळी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, एखादे दुखणे किंवा औषधाचा परिणाम आहे का, हे आधी पाहायचे असते. ते सारे मी पाहिले. दोष सापडला नाही.

आईने उभा जन्म कोंबड्या पाळल्या. तिला विरंगुळा म्हणून आम्ही परसात पाच-सहा कोंबड्या ठेवल्या आहेत. गेल्या दिवाळीनंतर आठवडी बाजारातून एक तांबूस तलंग आणली. नवा पक्षी आजार घेऊन येऊ शकतो, म्हणून तिला दोन आठवडे वेगळे ठेवले. मग कळपात सोडली, तर जुन्या कोंबड्यांनी तिला टोचून हैराण केले. कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते. नॉर्वेचे संशोधक शेल्डरुप-एबे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी तिचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. तळच्या पायरीवरची ही तलंग माणसाची चाहूल लागताच लाकडांच्या ढिगामागे दडे. तिन्हीसांजेला तिला खुराड्यात घालायला मी परसभर धावे. एका संध्याकाळी शेवाळावरून पाय घसरून आपटलो.

आई पडवीतून पाहत होती. त्या दिवशी तिला माझे नाव आठवत नव्हते, पण ती स्पष्ट स्वरात म्हणाली, “अरे, घारीसारखा वरून काय झेपावतोस? खाली बस. तिला येऊ दे.”

नावे, तारखा पुसल्या जातात, तेव्हाही हातांना अंगवळणी पडलेली कामे पुष्कळ काळ टिकतात, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या संध्याकाळी ते डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून आई शिकवू लागली आणि मी शिकू लागलो. रोज ठरलेल्या वेळी बुटक्या स्टुलावर बसायचे. जिभेने तोच टकटक आवाज करायचा. तांदळाची कणी आधी दूर, मग दररोज थोडी जवळ टाकायची. तिच्याकडे रोखून पाहायचे नाही. इतर कोंबड्यांसाठी दाण्याचे दुसरे भांडे लांब ठेवायचे, म्हणजे हिला दोन घास सुखाने मिळतात. बाराव्या दिवशी तिने तळहातावरची कणी टिपली आणि पळून गेली. आई हसली. तिसऱ्या आठवड्यात, अंधार पडल्यावर, आईच्या सांगण्यावरून मी तिच्या छातीखाली हात सरकवून तिला अलगद उचलले. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे त्या वेळी ती शांत असते. मात्र छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचा भाता हलला नाही तर श्वास कोंडतो. आणखी एक ध्यानात ठेवावे : धरलेली कोंबडी एकाएकी निपचित पडली, तर ती माणसाळली असे नव्हे, बहुधा ती भीतीने थिजलेली असते.

हे वाक्य मनात आले, तेव्हा मला आईच आठवली. हात झटकून थकल्यावर ती गप्प बसे आणि मी ‘आज ऐकले हो’ म्हणून समाधान मानी. ती ऐकत नव्हती, थिजत होती.

माझी आई पक्षी नाही. तिचा मान मोठा आहे. पण भीती ही भीतीच असते. आता मी समोरून जातो, दारातूनच ‘आई, मी आलो’ म्हणतो, तिच्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसतो आणि माझा हात पुढे करून थांबतो. तिने हात धरला की मगच पाणी काढतो. आंघोळीची वेळही दुपारवर नेली. तरी काही दिवस ती नाही म्हणते. त्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसून घेतो आणि वाद मिटवतो. किंचाळणे मात्र पुष्कळ कमी झाले आहे.

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत, त्यांना डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगतो. कोंबडीला हात लावल्यावर किंवा अंडी गोळा केल्यावर साबणाने हात धुवा. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीकडूनही साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते आणि ती वृद्धांना जड जाते. पक्षी चेहऱ्याजवळ नेऊ नका. खुराडे झाडताना नाका-तोंडावर मास्क लावा. दम्याच्या रुग्णाने ते काम दुसऱ्यावर सोपवावे. एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवा. आणि कोंबडीमागे कधीही धावू नका. या वयात मोडलेले खुब्याचे हाड फार महागात पडते.

तांबूस तलंग आता अंडी घालते. संध्याकाळी ती आईच्या पायाशी येऊन बसते. आई तिला रोज नव्या नावाने हाक मारते. तलंग प्रत्येक नावाला येते. मलाही ती कधी दादा म्हणते, कधी मास्तर. मीही येतो.