वरचा रस्ता, खालचा रस्ता

साताऱ्यात पळायचं म्हटलं की चढ आलाच. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वसलेलं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जायला एक वरचा रस्ता, एक खालचा; आणि पुढे समर्थ मंदिर ओलांडून बोगद्याकडे निघालं की पोटऱ्या बोलायला लागतात. १९८०च्या आसपास, माझ्या शाळेच्या दिवसांत, या चढांवर पळणारी माणसं ठरलेली होती. तालमीतली पोरं पहाटे बोगद्यापलीकडे कुरणेश्वरापर्यंत दौड मारून यायची आणि मग आखाड्यात उतरायची. सैनिक स्कूलचे कॅडेट रांगेनं पळताना दिसायचे. देशातली पहिली सैनिक शाळा ती, १९६१ सालची, आणि गावाला तिचा फार अभिमान. बाकी पोवई नाक्याच्या दिशेनं कुणी मोठा माणूस पळत निघाला, तर तो एसटी गाठायलाच निघालेला असायचा.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या की मीही पहाटे पळायचे. रस्ता कुठला, याचा विचार कुणी केलाच नाही. दादा, म्हणजे माझे वडील, मागून चालत यायचे. मी मंगळवार तळ्यापर्यंत पुढे पळत जायची आणि परत फिरून त्यांना गाठायची. त्या वेळेला गाव जागं झालेलं असायचं. नळाला पाणी आलेलं, बादल्यांचा खणखणाट चाललेला. दारोदार सडा पडत असायचा, अंगणातल्या बंबाचा धूर रस्त्यावर उतरलेला असायचा. चौकात जमिनीवर बसून पोरं पेपरांत पुरवण्या घालत असायची, सायकलच्या दोन्ही बाजूंना किटल्या लावून दूधवाले निघालेले असायचे. एखाद्या दारातून हाक यायची, "अगं, दादा मागं राहिले की तुझे!" मी कुणाची, कुठल्या पेठेतली, कधी परत येणार, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. ठेच लागून पडले असते, तर मी उठायच्या आत घरी निरोप गेला असता.

मात्र तेच डोळे राखण करायचे आणि तेच पहाराही द्यायचे. नववीत गेले त्या वर्षी सडा घालणाऱ्या एका आजींनी आईला देवळात गाठून सांगितलं, "आता पुरे झालं हो पळणं." आईनं वाद घातला नाही. माझ्यासारख्याच वर्गातल्या आणखी मुली होत्या, दोनशे-चारशे मीटरला चांगल्या पळणाऱ्या. दहावीपर्यंत एकीचेही बूट पायात उरले नव्हते. म्हणून 'आमच्या वेळी रस्ते किती सुरक्षित होते' असं कुणी म्हणालं, की माझ्या मनात आधी त्या मुली येतात. रस्ते सुरक्षित होते, आणि आम्ही त्यांच्यावर नव्हतो. ही गोष्ट बाजूला ठेवून त्या काळाचं कौतुक करणं मला जमत नाही.

आता माझ्या शेजारची सून पळायला लागली आहे. दोन लहान मुलं, घरून काम, दिवसभर खुर्ची. एके संध्याकाळी ती विचारायला आली, "काकू, एकटीनं कुठून पळू? ह्यांना पहाटे जमत नाही."

मी म्हटलं, "आधी माझ्याबरोबर चालून ये. ज्या वेळी पळणार आहेस, त्याच वेळी. पळायचं मग बघू."

कारण संध्याकाळी पाहिलेला रस्ता पहाटे तोच राहत नाही. जिथे संध्याकाळी भेळेची गाडी आणि गजबज असते, तिथे पहाटे साडेपाचला एक शटर उघडं नसतं. जानेवारीत साताऱ्यात सूर्य वर यायला सात वाजतात, जूनमध्ये सहालाच उजाडतं. एकाच घड्याळावर वर्षभर पळणाऱ्यानं हा तासाभराचा फरक धरायलाच हवा. आम्ही दोघी चालत निघालो ते हेच बघत. दूध डेअरी कुठली लवकर उघडते, चहाची टपरी कुठे पेटते, कुठल्या सोसायटीचा वॉचमन खरोखर जागा असतो. फुटपाथची फरशी कुठे उचकटली आहे. पिल्लं घातलेली कुत्री कुठल्या गाडीखाली बसते; तिच्यापुढून पळत जायचं नाही, पाय थांबवायचे, हात अंगाशी धरायचे आणि तिच्या डोळ्यांत न बघता चालत पुढे सरकायचं.

पोवई नाका तिच्या वाटेतून मी पहिल्यांदा वगळला. आठ रस्ते तिथे येऊन मिळतात. २०२१मध्ये ग्रेड सेपरेटर सुरू झाला, वाहनं जमिनीखालून जाऊ लागली, पण तो वाहनांचा मार्ग. पायी माणसाचं त्यात काम नाही. हमरस्त्याकडची बाजूही वगळली, आणि तिचं कारण ऊस. एकदा गळीत हंगाम सुरू झाला की पहाटे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघतात. गाणी मोठ्यानं लावलेली असतात, म्हणून ट्रॅक्टर येतोय हे कळतं. कळत नाही ती मागच्या ट्रॉलीची रुंदी. उसाची टोकं फळीच्या बाहेर हात-दीड हात लोंबत असतात, आणि दिव्याच्या उजेडात पुढचा ट्रॅक्टर तेवढा दिसतो. ट्रॅक्टर गेला म्हणून माणूस रस्त्यावर परत पाऊल टाकतो आणि वाढं खांद्याला घासून जातं. त्यासाठी दोन्ही ट्रॉल्या जाईपर्यंत कडेच्या मातीत उभं राहायचं. गाड्या डावीकडून चालतात, म्हणून आपण उजव्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं पळायचं. मात्र आंधळं वळण आलं की ज्या बाजूनं लांबचं दिसतं ती धरायची. कानात गाणी नकोत. हे सगळं मला कुणी लहानपणी शिकवलं नव्हतं, कारण तेव्हा शिकवायची गरजच नव्हती.

शेवटी ठरली ती सदरबझारातली एक लहानशी फेरी. झाडं आहेत, रस्ता बराचसा सपाट आहे, आणि कुठेही दम संपला तरी घर चालत दहा मिनिटांवर. नवख्या माणसानं सरळ लांब जाण्यापेक्षा फेऱ्या माराव्यात, असं माझं ठाम मत आहे. लांब गेलं की तेवढंच परत यावं लागतं, आणि थकलेल्या पायांनी अनोळखी रस्ता कापायचा म्हणजे धोका. फेरीत तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसतात. डेअरीवाल्यानं पहिल्या आठवड्यात नुसतं पाहिलं, महिन्याभरानं ती दोन दिवस दिसली नाही, तर त्यानं मला विचारलं, "वहिनी आजारी आहेत का?" माझ्या लहानपणी जी ओळख जन्मानं मिळायची, ती तिनं रोज ठरल्या वेळी तिथून जाऊन मिळवली. आणि या ओळखीत 'आता पुरे झालं' म्हणणारं कुणी नाही. ही ओळख मला जुनीपेक्षा चांगली वाटते.

आठवड्यातून दोनदा ती शाहू स्टेडियमवर जाते. तिथे भरतीची मुलं-मुली असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्यासाठी खेड्यापाड्यांतल्या मुली गावात खोली घेऊन राहतात आणि अंधार असतानाच मैदान गाठतात. त्यांना मी पहिल्यांदा घोळक्यानं पळताना पाहिलं, तेव्हा थांबून राहिले. माझ्या वयाच्या बायकांना यात काय दिसतं, ते त्या मुलींना कळायचं कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. त्याआधी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई म्हणजे १९८४ची पी. टी. उषा. १९८४! ज्या वर्षांत आमच्या वर्गातल्या मुलींचे बूट माळ्यावर गेले, तीच ही वर्षं.

२०१२पासून इथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं. त्या सकाळी हजारो माणसं घाटात असतात, वाटेत पाणी, डॉक्टर, टाळ्या वाजवणारे गावकरी. ते बघून नवखी माणसं दुसऱ्याच रविवारी एकटी घाटात पळायला निघतात, याची मला काळजी वाटते. शर्यतीच्या दिवसाचा घाट आणि एरवीचा घाट वेगळा. पावसाळ्यात दरड सुटते, धुकं असलं तर गाडीचा दिवा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि कासला फुलं आली की पर्यटकांच्या गाड्या पहाटेपासून चढू लागतात. तिथे जायचंच तर चार-सहा जणांनी, उजाडल्यावर.

सुनेचा आताचा प्रश्न किल्ल्याचा आहे. अजिंक्यताऱ्यावर, निदान चारभिंतीपर्यंत तरी, तिला पळत जायचं आहे. मी म्हटलं, चढ चालत, सपाटी मिळेल तिथे पळत, उतरताना पुन्हा चालत. उतारावर गुडघ्यांना फार मार बसतो. आणि बिबट्या दिसल्याची बातमी आली असेल त्या आठवड्यात पाऊल टाकायचं नाही. एकटीनं तर नाहीच. तिनं ते स्टेडियमवरच्या मुलींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही दर रविवारी किल्ल्यावरच असतो. साडेसहाला समर्थ मंदिरापाशी या." जानेवारी आहे, साडेसहाला अंधार असतो, सात म्हणा, असा निरोप मी परत पाठवला आहे.